शेवटच्या दहा मिनिटांवरून अख्खा पिक्चर निकालात काढू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमचा पेपर आमच्या घरी सासऱ्यांच्या काळापासून येतो. पत्र मात्र मी पहिल्यांदाच लिहितेय, तेही मोबाईलवर टाईप करून, आणि सूनबाई ते तुम्हाला ईमेल करणार आहे, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या.

निमित्त गेल्या रविवारची पुरवणी. त्यात हिंदीतल्या रडवणाऱ्या प्रेमकथांवर लेख होता, छान होता, सकाळच्या चहाबरोबर सगळा वाचला, पण १९८१ च्या 'एक दुजे के लिए'ला तुमच्या लेखकाने जेमतेम दोन ओळी दिल्यात आणि त्यातही काय, तर हा आत्महत्येचं कौतुक करणारा भडक पिक्चर, गाणी बरी होती, संपलं. चहा निवला माझा. म्हटलं हे असं चालायचं नाही, ज्याने कोणी हे लिहिलंय त्याने एकतर पिक्चर यूट्यूबवर शेवटून बघितलाय नाहीतर कुणाकडून तरी ऐकलाय.

आधीच सांगते, शेवट मलाही पटत नाही. तेव्हाही पटला नव्हता. त्या दोघा प्रेमिकांनी वर्षभर सगळं सोसलं, लांब राहायची अट पाळली, दोन्ही घरं राजी झाली, आणि मग एकीकडे गैरसमजातून पाठवलेले गुंड, दुसरीकडे देवळात त्या पोरीवर अत्याचार, आणि दोघं कड्यावरून समुद्रात. हे सगळं एकाच दिवशी. डायरेक्टरला रडवायचंच होतं म्हणून आणलेलं वाटतं, आणि मुलीवर अत्याचार झाला की तिला मरायलाच लावायचं ही त्या काळच्या पिक्चरवाल्यांची फार वाईट खोड, ती इथेही आहे. पिक्चर लागल्यानंतर जोडप्यांनी जीव दिल्याच्या बातम्या पेपरात यायच्या हेही खरं आहे, आमच्या घरी तर त्यावरून बंदीच होती. वडील म्हणाले, हा पिक्चर या घरातलं कुणी बघणार नाही.

मी तेव्हा सोळा वर्षांची, नुकतीच अकरावीला गेलेली. पिक्चर ५ जूनला लागला तो मुंबईला, आमच्या सांगलीला यायला बरेच महिने गेले, तोवर गाणी विविध भारतीवर ऐकून ऐकून पाठ झाली होती. शेवटी आत्याने नेलं. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, ऐन तिशीच्या आत विधवा होऊन माहेरी आलेली, घरात तिचा शब्द कुणी खाली पडू द्यायचं नाही पण तिला विचारायचंही कुणी नाही. तिने घरी सांगितलं, सत्यनारायणाला जातोय. आणि आम्ही दोघी थेटरात. देवाच्या नावावर मी आयुष्यात बोललेलं एवढं एकच खोटं, असो.

आता मुद्द्यावर येते. तुमच्या लेखकाने हा पिक्चर प्रेमकथा म्हणून बघितला, म्हणून त्याला तो भडक वाटला. माझं म्हणणं असं की हा पिक्चर मुळात भाषेचा आहे. गोव्यात शेजारी शेजारी दोन घरं, एक तामिळ, एक उत्तर हिंदुस्थानी, एकमेकांना पाण्यात बघणारी. तामिळांचा वासू, तो कमल हासन, त्याला हिंदी येत नाही. पलीकडची सपना, रती अग्निहोत्री, तिला तामिळ येत नाही. आणि ही अडचण पिक्चरने दोन मिनिटांत गुंडाळली नाही. नाहीतर आपल्या हिंदी पिक्चरमधला मद्रासी म्हणजे कसा, 'अय्यो जी' म्हणत हिंदीच बोलणार, आपण हसणार. इथे हिरोच्या घरात सरळ तामिळ चालू आहे, हिरोही तामिळ बोलतोय, खाली पट्टी नाही, काही नाही, आणि आमच्या सांगलीच्या थेटरातली माणसं गप्प बसून ते ऐकतायत. एक अक्षर कळत नव्हतं कुणाला. पण कुणी ओरडलं नाही. वासूचे वडील, पूर्णम विश्वनाथन नावाचे फार मोठे तामिळ नट ते, ते चिडले की काय म्हणतायत हे आपल्याला त्यांच्या चेहऱ्यावरून लावायचं होतं, आणि लागतही होतं. विचार करा, आत्ता हा प्रयोग कोण करेल? भाषेवरून टीव्हीवर रोज गळे काढायला माणसं तयार आहेत, पण न कळणारी भाषा तिकीट काढून अडीच-तीन तास ऐकायला कोण बसतंय.

दिग्दर्शक के. बालचंदर यांनी हाच पिक्चर आधी १९७८ ला तेलुगूत काढला होता, 'मरो चरित्र' नावाने, त्यातही कमल हासनच, तिथे पोरगा तामिळ आणि पोरगी तेलुगू. तो मद्रासला तेलुगूतच लागला, तामिळमध्ये डब न करता, आणि एका थेटरात दीड वर्षाच्या वर चालला. म्हणजे या माणसाला अनुभव होता की भाषा कळली नाही तरी लोक उठून जात नाहीत. मग निर्माते एल. व्ही. प्रसाद यांच्यासाठी हिंदीत केला. प्रसाद तेलुगू, दिग्दर्शक तामिळ, गाणी लिहिणारे आनंद बक्षी रावळपिंडीकडचे पंजाबी, संगीतकार जोडीतले एक आपले लक्ष्मीकांत कुडाळकर, गोष्ट घडते गोव्यात. नुसती ही नावं बघितली तरी कळतं की हे सगळे लोक कामाच्या ठिकाणी कुठल्या ना कुठल्या परक्या भाषेत बोलत असणार.

आणि एसपींचा किस्सा तर तुमच्या पुरवणीत यायलाच हवा होता. एस. पी. बालसुब्रमण्यम यांनी हिंदी गाणी म्हणायची ठरल्यावर लक्ष्मीकांत-प्यारेलाल जरा साशंक होते, उच्चार दक्षिणी आहेत म्हणून. बालचंदर यांचं म्हणणं, अहो माझा हिरोच तामिळ आहे, त्याचं हिंदी थोडं वाकडंच असणार, तेच तर हवंय. झालं. 'तेरे मेरे बीच में'ला त्या माणसाला उत्कृष्ट पार्श्वगायकाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. ज्याला दोष म्हणून बाजूला काढणार होते तोच कामाला आला. ते गाणं आता परत ऐका, हेडफोन लावून ऐका, शब्द म्हणताना जी किंचित खबरदारी आहे ना, परक्या घरात पाहुणा कपबशी धरतो तशी, ती कुठल्याही सराईत हिंदी गायकाला आणता आली नसती असं माझं प्रामाणिक मत आहे. लताबाईंचंही हेच गाणं आहे पिक्चरमध्ये, ते सुंदरच, पण ते घरच्या माणसाने म्हटल्यासारखं आहे.

मग ते लिफ्टमधलं गाणं. सपना रुसलेली, बोलत नाही, लिफ्ट बंद पडलेली, आणि या बाबाला हिंदी येत नाही. येतं काय, तर हिंदी पिक्चरची नावं. मग तो पिक्चरच्या नावांचंच गाणं करतो. लोक त्याला गंमतगाणं म्हणतात. मला ते या पिक्चरमधलं सगळ्यात खरं गाणं वाटतं, कारण परकी भाषा आपण शिकतो ती अशीच, पाट्या, जाहिराती, पिक्चरची नावं, बसमधल्या सूचना, जे हाताला लागेल त्याने काम चालवायचं. व्याकरण मागाहून येतं, नाहीतर येतही नाही.

आता मी हे एवढं का लावून धरलंय त्याचं कारण सांगते. माझा मुलगा नोकरीला चेन्नईला गेला आणि २०१५ ला त्याने घरी सांगितलं की तिथल्या तामिळ मुलीशी लग्न करायचंय. आमच्या यजमानांनी जेवणाचं ताट बाजूला सरकवलं. तिकडेही तीच कथा, तिचे वडील म्हणे दोन दिवस बोलले नाहीत. चार दिवस घरात नुसता स्मशानासारखा शुकशुकाट. मग मलाच सुचलं. मी म्हटलं, वर्षभर थांबा. वर्षानंतरही हेच म्हणणं असेल तर आम्ही येतो अक्षता घेऊन. दोन्ही घरांनी मान्य केलं. आता ही अट मी कुठून उचलली हे मी कुणाला बोलले नाही, पिक्चरमध्ये तीच अट आहे, एक वर्ष लांब राहायचं, भेट नाही, पत्र नाही, वर्षानंतर प्रेम टिकलं तर लग्न. फक्त फोन बंद करायची अट घालायची माझी हिंमत झाली नाही. आजकाल कोण ऐकतंय.

त्या वर्षात मुलगा तामिळ शिकला. आधी दुकानांच्या पाट्या वाचायला लागला, मग मला फोनवर "साप्टाच्चा?" विचारायला लागला, म्हणजे जेवलीस का. मला वाटायचं शिव्या देतोय.

तेव्हा ते वर्ष म्हणजे काय असतं हे मी जवळून बघितलंय, आणि म्हणून सांगते की पिक्चरमधला तो मधला भाग, वासू हैदराबादला आणि सपना गोव्यात, तो खरा पिक्चर आहे. तिथे वासू हिंदी शिकतो. नीट शिकतो, अक्षरापासून. माणूस प्रेमासाठी मारामारी करताना, पळून जाताना, विष पिताना आपण पन्नास वेळा बघितलाय, पण प्रेमासाठी वही-पेन्सिल घेऊन बसलेला हिरो किती बघितले? आणि इकडे सपना. तिची आई झाली आहे आपली शुभा खोटे. आपण तिला मेहमूदबरोबर हसवताना बघितलेली, त्याआधी 'सीमा'मध्ये सायकलवर बघितलेली, आणि इथे ती आई म्हणून इतकी कडक की आमच्या थेटरात बायका तिच्या नावाने बोटं मोडत होत्या. ती वासूचा फोटो जाळते. आणि सपना ती राख चहात घालून ढवळून पिते. काही बोलत नाही, नुसती पिते, आईच्या समोर. थेटरात आधी एकाने शिट्टी मारली आणि मग ती शिट्टी अर्ध्यातच बंद झाली, मला अजून आठवतं. आत्या माझ्या कानात म्हणाली, "अगं हिच्या पोटात दुखेल की." ती काही विनोद करत नव्हती, तिला खरंच काळजी वाटली.

भडक आहे का हा सीन? आहे. पण भडक आणि खोटं यात फरक असतो साहेब. सोळाव्या वर्षी राग असाच येतो, त्याला दुसरी भाषा नसते.

दोष काय कमी नाहीत, तेही सांगते नाहीतर म्हणाल म्हातारी नुसती आरती ओवाळतेय. सुरुवातीचा वासू पोरींच्या मागे लागतो ते आता बघवत नाही, माझी सून तर म्हणाली याला आधी पोलिसात द्या. असरानी वगैरेंची विनोदी कामं पुढे पळवली तरी चालतील. योगायोग तर इतके की विचारू नका, तो राकेश बेदी सपनाचं आपल्याशी लग्न ठरल्याची एक थाप मारतो काय आणि वासू ती खरी धरून दुसरीशी लग्नाला उभा राहतो काय, म्हणजे वर्षभर पत्थरासारखा टिकलेला माणूस एका थापेत कोसळला, हे मला कधी पटलं नाही. पण पिक्चर आवडायला तो बिनचूक असावा लागतो असं थोडंच आहे, नाहीतर आपण आपल्या घरातल्यांबरोबर एक दिवस काढला नसता.

आता संध्या. लेखात तिचं नावही नाही! हैदराबादला वासूला हिंदी शिकवणारी, नाच शिकवणारी ती, काम माधवीने केलंय. विधवा. तिचा जीव हळूहळू वासूवर बसतो आणि तो मात्र तिने शिकवलेल्या भाषेत दुसरीचं नाव घोकतोय, म्हणजे ज्या भाषेत त्याला सपनाच्या घरच्यांशी बोलायचंय ती भाषा त्याच्या तोंडात हिने घातलेली. आणि मग तो रागाच्या भरात हिच्याशी लग्नाला तयार होतो, आणि हिला खरं कळल्यावर ही स्वतःहून बाजूला होते, नुसती बाजूला होत नाही, त्या दोघांचं जमावं म्हणून धडपडते. १९८१ साली हिंदी पिक्चरमध्ये विधवेला पांढरी साडी नेसवून देवासमोर बसवायची पद्धत होती. हिला नाच दिलाय, नोकरी दिलीय, मन दिलंय, ते मन मोडायचा हक्कही दिलाय. बालचंदर यांना या पिक्चरच्या पटकथेसाठी फिल्मफेअर मिळालं, आणि माझ्या मते ते या बाईसाठी मिळालं असावं, पुढे फाळके पुरस्कार मिळाला तेव्हा मला पहिली तीच आठवली.

पिक्चर सुटला. बायका पदर तोंडाला लावून बाहेर पडतायत, कॉलेजची पोरं पण लाल डोळे लपवतायत, मी तर हुंदके देत होते. आत्या शेवटाला रडलीच नव्हती. ती रडली होती मध्ये, संध्याच्या सीनला, मी बघितलं होतं पण बघितलं नाही असं केलं. रिक्षा करायला पैसे नव्हते म्हणून चालत निघालो. बरंच अंतर ती काही बोलली नाही, आणि मग गणपती मंदिराजवळ आल्यावर मला विचारते, "त्या दोघांचं सुटलं गं एकदाचं. पण त्या हैदराबादच्या बाईचं पुढे काय झालं असेल?"

मला उत्तर आलं नाही. आत्या जाऊन आता बावीस वर्षं झाली.

लांबलं पत्र, पण एक सांगायचंच राहिलं. लग्नानंतरच्या दुसऱ्या दिवाळीत विहीणबाई आमच्याकडे आठ दिवस राहिल्या. त्या मला मामी म्हणतात, त्यांच्यात तसंच म्हणायची रीत आहे, मला पहिल्यांदा वाटलं या माझ्या नणंदेच्या पोरी कधीपासून झाल्या. त्यांचं हिंदी यथातथा आणि माझं हिंदी सांगलीच्या बाजारातलं, त्यामुळे आमचं बोलणं म्हणजे अर्धं हातवाऱ्यांनी, अर्धं भाजीच्या नावांनी. एका दुपारी सुनेने टीव्हीवर हा पिक्चर लावून दिला आणि झोपायला गेली. आम्ही दोघी बघतोय. वासूचे वडील तामिळमध्ये काहीतरी फटकन बोलले आणि विहीणबाई खो खो हसायला लागल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मी बघतच राहिले. छत्तीस वर्षं मी तो सीन गंभीर समजत होते! मला वाटायचं म्हातारा संतापून शाप देतोय. मग त्यांनी पिक्चर थांबवला, आणि त्यांच्या त्या मोडक्या हिंदीत, मध्ये दोन तामिळ शब्द, एक इंग्रजी, हाताची फेक, असं करत करत मला सांगितलं तो काय म्हणाला ते. शब्द लिहून दाखवता येणार नाहीत, पण आमचे सासरे पंगतीत ताक वाढणाऱ्याला जे बोलायचे ना, त्या जातीचं होतं. मग पुढचा सगळा पिक्चर असाच, थांबवत थांबवत. तीन तासांचा पिक्चर संध्याकाळी दिवेलागणीपर्यंत चालला, दूध उतू गेलं, यजमान दोनदा डोकावून गेले. तामिळ सीन आला की त्या मला सांगायच्या, हिंदीत काही अडलं की मी त्यांना.

पुढच्या वर्षी सगळे मिळून गोव्याला गेलो, त्यांना दोना पावला बघायचंच होतं. तिथे हा पिक्चर अजून खपतो, गाईड लोक पर्यटकांना हात करून दाखवतात, इथूनच उडी मारली बघा, मग सगळे त्या कठड्याशी फोटो काढतात. आमच्याही गाईडने दाखवलं. विहीणबाईंनी नीट ऐकून घेतलं, समुद्राकडे एकदा बघितलं, आणि आपल्या हिंदीत त्याला विचारलं, "वो ठीक है. लिफ्ट किदर है?"

त्याला कळेचना. मी मात्र त्या बाईचा हात धरून हसत सुटले.

तर संपादक महोदय, पुढच्या वेळी यादी कराल तेव्हा या पिक्चरला दोनाच्या जागी दहा ओळी द्या, आणि लेखकाला सांगा, शेवटच्या दहा मिनिटांआधी टीव्ही बंद केला तरी चालेल पण हैदराबादचा भाग पुढे पळवू नको.

कळावे,
आपली,
एक जुनी वाचक, सांगली

ता.क. सून म्हणते पत्र फार मोठं झालंय, पेपरवाले कापतील. कापायचंच असेल तर यजमानांनी ताट सरकवलं तो भाग कापा, संध्याचा ठेवा.